सुटलेल्या मुठी

माझा भाऊ सुऱ्या करतो. पाती तयार येतात; तो ती घासतो, त्यांना धार देतो आणि मूठ बसवतो. धार काय कुणीही लावेल, सुरी विकली जाते ती मुठीवर, असं त्याचं म्हणणं. बाई दुकानात येते, सुरी हातात धरते, आणि तिचा हातच सांगतो घ्यायची की नाही. आमच्या रस्त्यावर त्याला सगळे मुठवाला म्हणतात आणि मला मुठवाल्याची ताई. माझं स्वतःचं नाव कुणाला आठवत असेल तर त्याला एक सुरी फुकट देईन.

मी थोरली. लग्न केलं नाही. केलं असतं तर त्या माणसाचं काही खरं नव्हतं, हे भाऊच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. खाली पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. तिथे आम्ही तिघं: तो, त्याची बायको आणि मी. दुकानातलं गिऱ्हाईक माझ्याकडे. गोड बोलून विकायचं काम माझ्याकडे का दिलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी गोड बोलत नाही.

मुठीला लाकडाच्या दोन लहान फळ्या लागतात, पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. आम्ही त्यांना फाका म्हणतो. फाक आतून वाळलेली आहे की नाही, हे ओळखायची आमच्या वडिलांची रीत होती. डोळे मिटायचे, फाक बोटांच्या टोकांना टेकवायची आणि जरा थांबायचं. आत पाणी असेल तर ती गार लागते, ओल्या फडक्यासारखी. वाळलेली असेल तर काहीच लागत नाही. वाळलेली खालच्या ट्रेमध्ये, ओली वरच्या फळीवर, पडू दे अजून. ही विद्या वडिलांनी मलाही शिकवली, पण मला धीर कुठे? भावाला मात्र ती अशी आली की वडीलही शेवटी शेवटी त्यालाच विचारायचे.

याला दुसरा सरळ मार्ग आहेच. फाक काट्यावर ठेवायची, वजन बघायचं, काही दिवसांनी पुन्हा ठेवायची. वजन उतरायचं थांबलं की वाळली. समोरचा सुतार तसंच करतो. भाऊ त्याला हसायचा. "बायकोला ताप आलाय का बघायला काटा आणतोस का रे?" असं त्याला विचारायचा. सुतार बिचारा हसून सोडून द्यायचा.

आता भावाची बायको. माहेरी सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत, इथे आली तरी धाकटीच राहिली. तिच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दात काढण्यापेक्षा अवघड. त्याला बोलायला कुणीतरी लागतं, तिला ऐकायला आवडतं, त्यामुळे संसार छान चालला होता. नणंद भावजयीचं कौतुक करते म्हणजे डाळीत काहीतरी काळं असणार, असं वाटेल कुणाला. वाटू दे. गोंद तिच्याकडे होता. दोन डब्यांतलं काट्यावर मोजून कालवायचं. माप चुकलं की गोंद एक तर चिकट राहतो, नाहीतर तडकतो. तिचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही. तिने गोंद लावायचा, त्याने फाका बसवायच्या, दोघांनी मिळून फाका दाबून धरणारा शिकंजा आवळायचा. आवळताना तो दरवेळी काहीतरी बाष्कळ बोलायचा आणि ती दरवेळी हसायची.

मग सुऱ्या परत यायला लागल्या.

पहिली घेऊन आली कोपऱ्यावरची खाणावळवाली. "ताई, तुमची मूठ हसायला लागली बघा," म्हणाली. खरंच, पुढच्या टोकाशी फाक पात्यापासून सुटून वर उचलली होती. फटीत कांद्याचा पापुद्रा अडकलेला. मी तिला दुसरी सुरी दिली आणि विसरून गेले. एखादी जातेच अशी.

दुसरा आला खाटीक, तळहाताला पट्टी बांधून. त्याच्या सुरीची फाक धनुष्यासारखी वाकली होती. ओल्या हाताने जोर दिला, फाक हलली, हात सरकला तो थेट पात्यावर. टाके पडले होते. तो चिडलाही नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "तुमच्या वडिलांनी केलेली सुरी अजून आहे माझ्याकडे," एवढंच म्हणाला. "तिची मूठ हललेली नाही."

भावाचा चेहरा उतरला. सुरी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "गोंद."

धाकटी तिथेच उभी होती. 

त्या दिवसापासून घराची दशाच फिरली. तो सकाळी उठून पाती रॉकेलने पुसायचा, मग तेलाचा अंश राहिला असेल म्हणून साबणाने धुवायचा, मग खरखरीत कागदाने घासायचा, गोंदाला पकड मिळावी म्हणून. शिकंजा इतका आवळायचा की सगळा गोंद बाजूंनी बाहेर यायचा. मी म्हटलं, "अरे, सगळा पिळून काढलास तर आत राहील काय, तुझा आशीर्वाद?" तर शिकंजा ढिला करून बघितला. मूठ घासताना मशिनवर लाकूड तापतं, त्यानेही सुटत असेल, म्हणून मधे मधे थांबायला लागला. गिऱ्हाइकांना सांगायला लागला, सुऱ्या गरम पाण्यात टाकून ठेवू नका. खाणावळवालीने त्याला सुनावलं, "इतकी वर्षं टाकतेच आहे की." सगळं करून झालं, तरी आठवड्याला एखादी सुरी हसत दारात हजर.

प्रत्येक वेळी शेवटी गाडी गोंदावर. माप नीट घेतलंस का? डबा जुना होता का? कालवताना लक्ष कुठे होतं? ती म्हणायची, "नीट घेतलं." बस्स. मला तिचाच राग यायचा. अगं, भांड की! तोंड काय फक्त जेवायला दिलंय?

मीच एक सुटलेली मूठ उचकटून बघितली. गोंद खराब असता तर तो पात्यावरून साफ निघून आला असता. तसं नव्हतं. गोंद पात्याला घट्ट धरून होता आणि त्याच्यावर लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले. म्हणजे गोंदाने सोडलंच नव्हतं; लाकूड स्वतः आक्रसून, फाटून निघालं होतं. मी ते भावाच्या नाकासमोर धरलं. "बघ, गोंदाने आपलं काम केलंय. लाकूड ओलं आहे तुझं."

"माझ्या हाताखालून ओलं लाकूड जात नाही," तो म्हणाला.

"वडिलांच्या हाताखालून जात नव्हतं. तू काय वडील आहेस?"

तो उठून गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग त्याने ते केलं. दुकानात खाणावळवाली तिसऱ्यांदा आलेली, आणखी दोघं गिऱ्हाइकं उभी. धाकटी मागच्या खोलीच्या दारात गोंद कालवत होती. त्याने तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्यापासून गोंदाला हात लावायचा नाही. माझं नाव बुडवलंस तेवढं पुरे."  तिने फडक्याला हात पुसले आणि ती वर गेली. खाणावळवाली जमिनीकडे बघायला लागली. मी त्याला तिथेच चार शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

चार दिवसांनी धाकटी बहिणीकडे गेली. बहीण पलीकडच्या भागात लाँड्री चालवते. "हाताखाली माणूस नाहीये तिच्या, थोडे दिवस जाऊन येते, वन्सं," म्हणाली. थोडे दिवस जाणारं माणूस हिवाळ्याचे कपडे नेत नाही. मी जिन्यावर उभी राहून बघत होते. ही गेली तर परत यायची नाही. भांडून गेलेलं माणूस परत येतं. न भांडता गेलेल्याचं काही सांगता येत नाही. आणि तिच्याशिवाय हा माणूस म्हणजे काय, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

त्याने गोंद स्वतः कालवायला घेतला. मी रोज वाट बघत होते, हा कधी फोन करतोय. छे! ताठा. जेवायला बसला की ताटाकडे बघत बसायचा. एकदा कप हातातून निसटून फुटला. शर्टाची बटणं लावायला त्याला अर्धा तास लागायचा. पूर्वी सकाळी धाकटीच त्याची बटणं लावून द्यायची. मला वाटायचं, काय हे लाड, घोडा झाला तरी! मी म्हटलं, "बायको लागते ना बटणांना? मग जा आणि घेऊन ये." तो वरचं बटण उघडं ठेवूनच खाली गेला.

पण खरी गंमत पुढेच झाली, गंमत म्हणायची तर. धाकटी गेल्यावर काही आठवड्यांनी सुऱ्या जास्त परत यायला लागल्या. आधी एखादी यायची, आता टोपलीभर. शाळेच्या स्वयंपाकघराला दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या आल्या. आचारी म्हणाला, "पोरांच्या जेवणात लाकडाची कपची निघाली असती तर?" मी टोपली आत ठेवली. 

मी मात्र विचारात पडले. गोंद तिचा वाईट होता तर तो गेल्यावर मुठी सुधारायला हव्यात ना? परत येणाऱ्या सुऱ्या वाढल्या कशा? नाचता येईना अंगण वाकडं हे ठीक, पण इथे अंगणच निघून गेलं होतं आणि पाऊल जास्तच वाकडं पडत होतं.

मी कुणाला न विचारता खालच्या ट्रेमधल्या, त्याने वाळलेल्या म्हणून ठेवलेल्या फाका काढल्या, गोंदाच्या काट्यावर तोलल्या, प्रत्येकीवर खडूने वजन घातलं आणि चुलीमागच्या उबदार फळीवर ठेवून दिल्या. पुन्हा तोलल्या तेव्हा जवळजवळ सगळ्या हलक्या. पाणी होतं त्यांच्यात. मी ट्रेमधली एक ताजी फाक बोटांना टेकवली. माझ्यासारख्या धीर नसलेल्या बाईलासुद्धा ती गार लागली.

फाक घेऊन मागे गेले. तो बाकावर बसला होता, मशीन बंद.

"ही वाळलीय?"

"ट्रेमधली ना? मग वाळलीय."

"पुन्हा बघ. माझ्यासमोर."

भांडण नको म्हणून असेल, त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला, बोटं जरा उचललेली, वडील करायचे तसा. मी फाक सोडली नाही, माझ्याच हातात धरून त्याच्या बोटांच्या टोकांना टेकवली. तो थांबला. मीही थांबले.

"दे ना," तो म्हणाला. "कशाची वाट बघतेस?"

फाक त्याच्या बोटांना टेकलेली होती.

 त्याने डोळे उघडले आणि बघितलं. फाक बघितली, आपली बोटं बघितली. बोटांवर भाजल्याचे, कापल्याचे डाग होते, काही जुने, काही कालचे. मी इतके दिवस ते डाग बघत होते आणि मला वाटत होतं, कामाचे हात असेच असतात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मुंग्या यायच्या. वाटलं, थंडीने. मग मुंग्या यायच्या थांबल्या, मला वाटलं बरं झालं." आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "ताई, सगळंच वाळलेलं लागायचं गं."

बरोबरच आहे. वाळलेल्या लाकडाचं काहीच लागत नाही. आणि ज्याच्या बोटांना काहीच लागत नाही त्याला जगातलं सगळं लाकूड वाळलेलं. असली चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते. काटा वापरणाऱ्या सुताराचे हात गेले असते तरी त्याच्या मुठी सुटल्या नसत्या.

मी त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली, गार आणि गरम पाण्याच्या नळ्या लावून बघितल्या आणि धंदा विचारला. घासायच्या पट्ट्याच्या मशिनवर वर्षानुवर्षं पाती धरून त्या थरथरीने बोटांच्या नसा गेल्या, म्हणाले. मशीन बंद करा. थोडं परत येईल, कदाचित. नाहीही येणार. हा मान डोलवत होता, आणि बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "मी तिला लोकांसमोर बोललो."

"बोललास."

"आता तिला काय सांगू?"

"माझं चुकलं, असं सांगायचं. सोपं असतं. मी कधी सांगितलं नाही, पण ऐकलंय."

लाँड्रीत गेलो तेव्हा धाकटी मागच्या मोरीत चादरी खंगाळत होती. आम्हाला बघून उठली, ओले हात बाजूला धरून. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: बोटं, टाचणी, डॉक्टर. माझं चुकलं, तेही म्हणाला, धड म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर नवल म्हणून दिसेना. ऐकलेली बातमी पुन्हा ऐकावी तशी ती उभी होती.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "तुला माहीत होतं," मी म्हणाले.

तिने नजर चादरींकडे वळवली.

"बटणं!" मी ओरडलेच. "म्हणून लावून देत होतीस! आणि ट्रेमधल्या फाका कमी कशा होतात म्हणून हा रोज सकाळी ओरडायचा, उंदीर लाकूड खायला लागले का विचारायचा, ती तू होतीस?"

"हे उठायच्या आधी मी बघून घ्यायचे," ती म्हणाली. "ओल्या असतील त्या वरच्या फळीवर ठेवायचे. सगळ्या नाही सापडायच्या. हे कधी कधी थेट फळीवरूनच घ्यायचे."

म्हणजे ती घरातून गेली तेव्हा ओल्या फाका अडवणारं कुणी राहिलंच नाही. म्हणून टोपलीभर आल्या.

मला तिचा असा राग आला की काय सांगू. "अगं बाई, खाटकाचा हात कापला! पोरांच्या जेवणाचं काय झालं असतं?"

"खाटकाची सुरी आधीची होती, वन्सं. तिच्यामुळेच तर मी शोधायला लागले." तिने हातांवरचं पाणी झटकलं. "आणि शाळेचं मला कळलं असतं तर मी धावत आले असते. मला वाटलं होतं, मी नसले की हे स्वतःच बघतील, काट्यावर तोलतील. डॉक्टरकडे चला म्हणून मी किती वेळा म्हटलं, विचारा त्यांना."

तो म्हणाला, "म्हटलं होतंस. मी ओरडलो होतो." मग म्हणाला, "पण हे का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर मी तुला गोंदावरून बोललो. तेव्हासुद्धा नाही?"

तिने त्याच्याकडे बघितलं. इतकं सरळ बघताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"गोंद वाईट आहे म्हणत होतात, तर म्हटलं असू दे वाईट. गोंद बदलता येतो. तुमचे हात वाईट आहेत असं कुठल्या तोंडाने सांगू?"

मोरीत नळ चालू होता, तो कुणी बंद केला नाही. भावाने पुढे होऊन तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नुसता धरून राहिला. डोळे मिटले नाहीत. 

"गार आहे का गं?" त्याने विचारलं. "मला कळत नाही."

"गार आहे," ती म्हणाली. "रोज विचारा. मी सांगत जाईन."